निळ्या केबलचं दुसरं टोक

५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तू मोठी नेटवर्कवाली असशील, पण आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधला नवा स्विच मी बसवलाय. म्हणजे केबली ओढल्या तुझ्या कोर्समधल्या त्या सोबत्याने, वायरमनने. पण काउंटरखालच्या भिंतीवर डबा ठोकला मी. तो जेवायला गेला तेव्हा एक निळी केबल एका टोकाने लोंबत होती. मला लोंबतं काही बघवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. दिली रिकाम्या भोकात खोचून. सगळे हिरवे दिवे असे लुकलुकायला लागले, की मी डॉक्टरीणबाईंना बोलावून दाखवले.

पाच मिनिटांत सगळी यंत्रं गपगार. तीसेक पेशंट रिपोर्टसाठी ताटकळले, एका बाईंचं तर ऑपरेशन अडलं. वायरमन आला, काउंटरखाली वाकून काहीतरी केलं आणि सगळं सुरू. काय बिघडलं होतं ते मात्र सांगेना. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हणालो, की अर्धवट कामं करायची आणि वर तोंडात मिठाची गुळणी धरायची! डॉक्टरीणबाईंनी वरच्या मजल्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तू सुचवलेला माणूस, म्हणून वाईट वाटलं; पण काम चोख नको का?

आता स्विच, आयपी वगैरे काय ते सोप्या मराठीत लिही. बाईंनी विचारलं तर माझी त-त-प-प व्हायला नको. वहिनीचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भोकं नव्हेत रे, पोर्ट. आणि स्विच म्हणजे काउंटरवरचा तूच. कोणता पेशंट कोणत्या खुर्चीवर बसलाय हे लक्षात ठेवून तू रिपोर्ट नेमका त्याच्याच हातात देतोस, तसंच तो करतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो. कोणता नंबर कोणत्या पोर्टवर, ते स्विच लक्षात ठेवतो. आयपी अ‍ॅड्रेस वेगळा. तो नेटवर्कमधला पत्ता, घर बदललं की बदलू शकतो.

कधीकधी एखादं यंत्र सगळ्यांना हाक मारतं. स्विच ती हाक बाकीच्या सगळ्या पोर्टांतून पाठवतो. पण एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये असली, तर एका टोकातून गेलेली हाक दुसऱ्यातून परत येते, तो ती पुन्हा सगळ्यांना पाठवतो, आणि हे थांबतच नाही. दिवे वेड्यासारखे लुकलुकतात, खऱ्या कामाला वाटच उरत नाही. याला लूप म्हणतात.

दादा, तुझ्या पत्रातली ती निळी केबल मी तीनदा वाचली. ती वरच्या मजल्यासाठी सोडलेली असणार; एक टोक आधीच स्विचमध्ये होतं, दुसरं तू त्याच स्विचमध्ये खोचलंस. लॅब तू बंद पाडलीस. त्याने फक्त ते टोक उपटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? तू फोनवर अर्धं सांगितलंस, तेवढ्यावर मी त्याला फोन करून म्हणाले, की माझं नाव घालवलंस. तो ऐकून घेत राहिला. आता कोणत्या तोंडाने त्याच्याशी बोलू? तू मोठा आहेस, पुढचं मी सांगायला नको. राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, तुझं पत्र आधी फाडायलाच घेतलं होतं. कोणाला कळणार होतं? दोन दिवस वहिनीलाही काही बोललो नाही. तिने विचारलं, की जेवण का जात नाही, तेव्हा तिच्यावरच खेकसलो. त्याचीही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, की नव्या गोष्टीत असं व्हायचंच, मनाला लावून घेऊ नका, आणि चहा मागवला. वरचं काम मात्र दुसऱ्याने सुरू केलंय, आता त्याला काढता येणार नाही म्हणाल्या. चहा तसाच ठेवून उठलो.

मग वायरमनला शोधत गेलो. एका कापडाच्या दुकानात शिडीवर चढून पट्टी ठोकत होता. खाली उतरवून माफी मागितली. त्याने दोन्ही टोकं त्याच दिवशी पाहिली होती, चिमणे. मग बोलला का नाहीस, असं विचारलं. तो न रागावता म्हणाला, की तुम्ही तिथले वीस वर्षांचे, मी रोजावरचा. मी बोललो असतो तर तुम्ही मानलं असतं का? मी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणवेना. तो पुन्हा शिडीवर चढला.

निघताना दुकानदाराने मला बाजूला घेतलं. लॅब बंद पाडणारा तो हाच ना, असं हळूच विचारलं. ही बातमी मीच गावभर केलेली. मी मोठ्याने सांगितलं, की लॅब याने नाही, मी बंद पाडली. दुकानदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की तुम्ही मनाचे मोठे, गरिबाच्या चुकीवर पांघरूण घालता. मी परत परत सांगत राहिलो आणि तो परत परत हसत राहिला. वायरमन वरून सगळं ऐकत होता.

तुझ्या लोभाला मी पात्र राहिलोय की नाही, ते तूच ठरव. मी मागत नाही.

दादा