एका हँडलचं कव्हर

४ मार्च १९८४
ठरलं. टेम्पोला कव्हर बसणार. साधं नाही, गुंडाळीचं. हँडल मारलं की ताडपत्री सरसर रुळावर.
जयंतीशेठच्या लाँड्रीची वर्दी, म्हणजे माल पोचवायचं काम, आहे माझ्याकडे. घाटकोपर ते जुहू, हॉटेलच्या पांढऱ्या चादरी, रोज. शेठ म्हणाला, मागची खेप धुळीने मळली, आता झाकलेली गाडी आण नाहीतर दुसरा टेम्पो बघतो. संपात मिल गेली. ही वर्दी गेली तर घरी बसायचं. पण घाबरतो कोण?
रुक्मिणी म्हणते, जुनी ताडपत्री आहे ना, दोरीने बांधा. बायकोला इंजिनिअरिंग कळत नाही. मी मिलच्या लूमखात्यातला, मागावरचा माणूस. कापड कसं गुंडाळायचं हे मला शिकवायला नको.

६ मार्च
कुर्ल्याच्या भंगारात लूमचा रूळ मिळाला, दातेरी चाकासकट! बघून डोळ्यांत पाणी आलं. गंज उडाला असेल.
हे चाक एकाच बाजूला फिरतं. उलटं फिरवलं की दातात खिटी अडकते, म्हणून कापड कधी ढिलं पडत नाही. असा माल आता बनत नाही.

९ मार्च
रूळ केबिनच्या मागे बसवला. चाकावर पत्र्याचं झाकण वेल्ड करून टाकलं. वेल्डर म्हणाला, खिटी उचलायला जागा ठेवू? म्हटलं, उभ्या नोकरीत मी खिटी उचलली नाही.
रोज पहाटे व्यायाम सुरू करणार. हँडल मारायला दंड हवेत.

११ मार्च, रविवार
डेमो. नवी ताडपत्री लोखंडी कमानींवर पसरली, पुढचं टोक रुळाला ठोकलं. सगळी चाळ खाली. हँडल मारलं. झकास! एक सुरकुती नाही. टाळ्या पडल्या.
समोरच्या खोलीतला सहदेव म्हणाला, आता एकदा खाली सोड ना रे. हा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता. लूमखात्याबद्दल यांना पहिल्यापासून जळफळाट. म्हटलं, डेमो संपला.
तेवढ्यात रुक्मिणी गॅलरीतून ओरडली, ‘गुंडाळूक झकास, पण सोडतलात कसा?’ लोक हसले. चारचौघांत नवऱ्याला असं विचारतात? उद्या तिला नीट समजावणार.

१२ मार्च
समजावायला वेळ झाला नाही. व्यायामालाही.

१५ मार्च, सकाळ
आज कव्हरची पहिली खेप. हँडलला हार घातला. रुक्मिणीने सीटखाली जुनी ताडपत्री आणि दोरी कोंबली. मी बघितलंच नाही.

१५ मार्च, संध्याकाळ
घडलं ते लिहून ठेवतो, कारण लोक तिखटमीठ लावतील.
चादरी भरल्या. शेठ बघायला बाहेर आला. मी हँडल मारलं. ताडपत्री आणखी आवळली. उलटं मारलं. हललं नाही. लटकलो. हार तुटला. दोष रुळाचा नाही. मिलमध्ये आम्ही गुंडाळायचो, भरलेला रूळ पुढे जायचा. सोडायचं काम फोल्डिंगवाल्यांचं. माझ्या खात्यात तो प्रश्न कधी आलाच नाही.
दोरी सीटखाली होती. शेठसमोर काढली नाही. म्हटलं, शेठ, कपड्याला मोकळी हवा चांगली. निघालो.
होळी उद्या आहे हे माझ्या लक्षात होतं. पण वाटेतली वाकोल्याची पोरं उद्यापर्यंत थांबतील अशी अपेक्षा होती. सिग्नलला गाडी उभी राहिली आणि दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगांतून फुगे. लाल, हिरवे, एक जांभळा. मी खाली उतरून दम दिला. नेम आणखी चांगला झाला.
हॉटेलवाल्याने माल परत पाठवला. शेठ चादरी बघून एवढंच म्हणाला, ‘गुणाजीभाय, ये क्या किया?’ म्हटलं, कव्हरला एक थेंब लागलेला नाही, बघा.
त्याने बघितलं नाही.

१६ मार्च
चाळीत होळी. मी खोलीतच. रुक्मिणीने न विचारता गाडीतल्या चादरी उतरवल्या, याचा जास्त राग आला. नळावर बसून चादरी धुते आहे. कोपरापर्यंत हात जांभळे. मी मदतीला गेलो तर म्हणाली, ‘ऱ्हवांदे.’
वर्दी गेली तर काय, हे दिवसभर डोक्यात होतं. ड्रायव्हरची नोकरी करणार नाही. केली तरी युनिफॉर्म घालणार नाही.

१९ मार्च
रुक्मिणी शेठला धुतलेल्या चादरी नेऊन दाखवून आली. बऱ्याच स्वच्छ निघाल्या. वर्दी राहिली. शेठची अट एकच: गाडी मी चालवायची, ताडपत्री तिने बांधायची. सहदेव हसला. त्याच्याशी बोलणं बंद.

२० मार्च
खेप झाली. रुक्मिणीने जुनी ताडपत्री कमानींवर टाकली, दोरी ओढली, गाठ मारली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. वाकोल्याला दोन फुगे बसले. ताडपत्रीवर.
वर रूळ आहे तसाच आहे. एक इंच ढिला नाही. हे कोणी बोलत नाही.
परत आल्यावर शेठने मला नाही, तिला विचारलं, उद्या किती वाजता? ती म्हणाली, ‘ह्यांका विचारा. गाडी ह्यांची.’
मी सात म्हणालो. आवाज जरा बसला होता. रस्त्यावर धूळ फार.