हळू चाल, थोडं खा, एकटा झोप

२१ ऑक्टोबर

समुद्र आहे म्हणाला होता! शंभर वेळा म्हणाला होता तो ब्रँट. "केल्विन, दक्षिण अमेरिका म्हणजे वाळू, नारळ आणि पोरी." एजंट म्हणे! या देशाला समुद्रच नाही, आणि ते मला इथे उतरल्यावर कळलं. नकाशा कोणी बघितलाय? चार वर्षं कॉलेजात काढली, एक निबंध स्वतः लिहिला नाही. माझ्या नावाने दुसरेच लिहायचे, मी बास्केटबॉल खेळायचो. आज फोनवर पुन्हा तेच पुराण — "टिकून राहा, पुढच्या वर्षी बघू." टिकू कसा? चार हजार मीटर उंचावर आणून टाकलंस, लुच्च्या! पोतोसीत बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते.

मॅच हरलो. माझे अकरा गुण. वरच्या रांगेतले खाणवाले ओरडत होते, "गोणी! गोणी!" महाग पडलेल्या परदेशी खेळाडूला इथे हेच म्हणतात. क्लब त्यांच्याच पैशावर चालतो, ओरडणारच. प्रोफे किरोगा — कोचला इथे सगळे प्रोफेच म्हणतात — सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढ्या डॉलरात मी चार लामा घेतले असते. लामा निदान दमत तरी नाहीत." पोरं हसली. रोलांदोही हसला. तो पनामाचा, सात फुटी. संघात परदेशी दोनच ठेवता येतात — तो आणि मी.

२४ ऑक्टोबर

प्रोफे आज बोललाच नाही. शिव्या परवडल्या.

२६ ऑक्टोबर

दोन्या फेर्मिनाने सूप वाढता वाढता सांगितलं. तिच्याच घरी राहतो, तिथेच जेवतो. "लेकरा, नवा ग्रिंगो येतोय. तुझ्याच खोलीत खाट टाकायला सांगितलीय."

नवा अमेरिकन! दोघांच्या जागी तीन बसत नाहीत. रोलांदोला कोण काढणार? सात फूट कुठून आणणार? म्हणजे मीच. परत गेलो की कोंबड्यांचा कारखाना. भाऊ तिथेच आहे, दिवसभर उलट्या टांगलेल्या कोंबड्या समोरून जातात आणि हा माना कापतो. रविवारीसुद्धा त्याच्या अंगाला वास येतो. मी जाणार नाही. काय वाटेल ते झालं तरी जाणार नाही.

बाई उद्या गावी चाललीय, मेलेल्यांच्या सणाला. आठवडाभर नाही. आत्ताच बजावलं, "त्या पोराला तीन गोष्टी तूच सांग हं. विसरू नको."

मी आलो तेव्हा तिने दारातच धरलं होतं मला. हळू चाल, थोडं खा, एकटा झोप. इथे वर येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात. तीन दिवस खाटेवरून उठू दिलं नाही, कोकाच्या पानांचा काढा पाजत राहिली. मी चिडलो होतो. चौथ्या दिवशी पळालो मात्र.

२९ ऑक्टोबर

आला. जार्विस टिलरी, बावीस वर्षांचा, कॉलेज नुकतंच संपलंय. आमच्यासारखाच समुद्राच्या पातळीवरचा. बसमधून उतरला तोच हसत. "दादा, तुमच्याबद्दल ऐकलंय!" काय ऐकलंय? चार लामा?

बॅग उचलून दहा पावलं चालला आणि थांबला. "दम का लागतोय हो?"

म्हटलं, "प्रवासाचा. पळालास की जाईल."

जेवायला नेलं. तळलेलं डुकराचं मांस, दोन ताटं. वर बिअर. "खा रे. प्रोफेला भरलेली माणसं आवडतात." खाल्लं बिचाऱ्याने. बिचारा कशाला लिहितोय? माझी जागा खायला आलाय तो!

३० ऑक्टोबर

सकाळी सहाला उठवलं. टेकडीच्या पायऱ्या चढवल्या. पळत. मी खाली उभा राहून मोजत होतो. चाळीस झाल्या आणि ओकला. ओकून पुन्हा हसला! "दादा, डोकं फुटतंय."

"सगळ्यांचं फुटतं. प्रोफेला बोलू नकोस. आजारी पोरगं त्याच दिवशी बसमध्ये बसवतो तो."

"नाही बोलणार. देवाशपथ."

दुपारी आईशी फोनवर बोलत होता. खोकला दाबून. "हो गं, एक दादा आहे इथे, सगळं शिकवतो."

३१ ऑक्टोबर

प्रॅक्टिस. जार्विसने वीस बॉल फेकले, तीन आत पडले. पाय वाळूत रुतल्यासारखे. प्रोफे शिट्टी फेकून म्हणाला, "ही तर आणखी मोठी गोणी!" मी जोरात हसलो, सगळ्यांत आधी. मग लांबून टाकलेले माझे तीन गुणांचे नऊ बॉल लागोपाठ आत! खूप दिवसांनी रिंग बादलीएवढी मोठी दिसली.

पोरगा भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे. म्हणाला, "दवाखान्यात जाऊ का?"

म्हटलं, "जा की. आणि तिथूनच घरी जा."

गेला नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी त्याची छाती हुक्क्यासारखी गुडगुडत होती. थुंकीत गुलाबी फेस. तेव्हा घाबरलो. रोलांदोला हाक मारली. त्याने पोराला एकट्यानेच उचललं, प्रोफेच्या गाडीत घातलं. खाली सुक्रे शहरात नेलं. खाली उतरलं की माणूस बरा होतो, सगळे सांगतात. दोन-तीन तास, बस.

गाडीत बसताना माझा हात सोडत नव्हता. मीच सोडवला.

२ नोव्हेंबर

सत्तावीस गुण! खाणवाल्यांनी माझं नाव ओरडलं, जमेल तसं — "केल्बीन!" जिंकलो. सुक्रेहून काही निरोप नाही. निरोप नाही म्हणजे बरंच असेल.

३ नोव्हेंबर

दोन्या फेर्मिना आली. रिकामी खाट बघितली. "तीन गोष्टी सांगितल्यास ना?"

"सांगितल्या."

तिने माझ्याकडे बघितलं. ताटात रोजच्याइतकंच वाढलं, पण लेकरा म्हणाली नाही.

संध्याकाळी प्रोफे खुशीत. पाठीवर थाप. "बघ, पळालास की नाही? रोलांदो या महिन्याअखेर चाललाय, पनामाला. मला महिन्यापूर्वीच बोलला. हे पोरगं त्याच्या जागेवर होतं. उंची नसेना, हात चांगला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पळाला असतास? घाबरलेला परदेशी दुप्पट पळतो. वीस वर्षं हेच करतोय."

हसत होता. मीही हसलो. सवयीने.

५ नोव्हेंबर

जार्विस सुक्रेला पोचलाच नव्हता. वाटेतच गेला. मॅच होती म्हणून आम्हाला कळवलं नाही, मग राहूनच गेलं. क्लब म्हणतो, करारावर सही झाली नव्हती, पेटी पाठवायचा खर्च आमचा नाही. त्याच्या आईचा फोन आला. म्हणाली, "तू जवळ होतास, एवढंच समाधान."

पैसे पाठवायच्या खिडकीवर त्याच्या आईच्या नावाने फॉर्म भरला. नात्याचा रकाना कोरा ठेवला. रक्कम — पेटीसाठी, एक हजार आठशे पन्नास डॉलर.