कोरड्या बावीचं पाणी

रत्नागिरी,
१२ मार्च २०२४

ती. दादांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि वहिनी मध्ये बसून माझं बोलणं अर्धंच पोचवतात, म्हणून पुन्हा पत्रावर आले. निवृत्त शिक्षिकेचं अक्षर आहे, लागत नाही अशी तक्रार चालणार नाही.

आपला कातळावरचा भाग आता शहरातच जमा आहे. नगरपालिकेची नवीन योजना आली आहे. ओल्या कचऱ्याचं खत, छपरावर सौर पॅनेल आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं, ही तिन्ही कामं करील त्या घराला घरपट्टीत सवलत आणि दारावर ‘हरित घर’ अशी पाटी. खत मी करतेच. पॅनेल दिवाळीत बसली. राहिलं पाणी. त्याला खोल खड्डा लागतो, आणि बाबांनी विहिरीसाठी खणलेली चाळीस फुटांची कोरडी बाव घरामागे आपल्या परड्यात आहेच. छपराची पन्हळ तिच्यात सोडली की झालं.

घर दोघांच्या नावावर, म्हणून तुमची सही हवी. फुली केली आहे तिथे करावी.

सौ. वहिनींना जयभीम. सही पाठवताना थोडी मायाही पाठवा.
आपली,
आम्रपाली

कल्याण,
२४ मार्च २०२४

चि. आम्रपालीस,
दादाचे आशीर्वाद. पत्र मिळालं. फॉर्म परत पाठवतो आहे. सही केलेली नाही.

तू तेव्हा आठ वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. बहात्तरच्या मे महिन्यात आईने उतारावरच्या गंगारामच्या बावीत कळशी सोडली. आपल्या माणसांनी त्या बावीला हात लावायचा नाही असं होतं. गंगारामने कळशी कातळावर आपटली. आई रिकाम्या हातांनी घरी आली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पहार उचलली. दोन वर्षं ते खणत होते आणि मातीच्या टोपल्या वर ओढायला मी होतो. माझी आठवी त्यात गेली, नववीही गेली. पाणी लागलं नाही. येणारे-जाणारे वाकून बघायचे आणि हसायचे. बाबा पुढे कधी त्या कठड्यावर बसलेसुद्धा नाहीत.

ती बाव बुजव. वर गाडी लावायला जागा होईल. पाटीच हवी असेल तर दुसरीकडे खड्डा खण, त्या फॉर्मवर सही करीन.

गुडघ्यांना तेल लावत जा. वहिनीचा जयभीम.
तुझा,
दत्ताराम

रत्नागिरी,
६ एप्रिल २०२४

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्हाला शाळा आवडत नव्हती, असंच मला आईने सांगितलं होतं. छत्तीस वर्षं मी वर्गावर गेले आणि शाळा सोडलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत आणलं. आपल्या घरात कुणी शाळा का सोडली, ते मात्र साठी उलटल्यावर तुमच्या पत्रातून कळलं. पत्र दोनदा वाचलं.

तरी बाव मी बुजवणार नाही. तुमची सही आली नाही तर सवलत राहू दे, पण पन्हळ मी तिच्यात सोडणार आहे. रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहून रागवा.

आपलीच,
आम्रपाली

कल्याण,
१५ एप्रिल २०२४

चि. आम्रपालीस,
आशीर्वाद. सही केली आहे. त्या बावीबद्दल मला काही कळवू नकोस.

दत्ताराम

रत्नागिरी,
१९ जानेवारी २०२५

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

नको म्हणालात तरी कळवते. जुलैत बाव अर्धी भरली होती. दिवाळीपर्यंत सगळं पाणी खाली गेलं. परवा योजनेचा माणूस तपासणीला आला, वाकून बघितलं आणि कागदावर ‘पाणी आढळले नाही’ असं लिहून गेला. पाणी मुरवायचं होतं ना, मग दिसेल कसं, असं मी विचारलं. मुरल्याचा काही पुरावा दाखवा, म्हणाला. माझ्याकडे पुरावा नव्हता. अर्ज नामंजूर झाला.

तुम्ही बरोबर होतात, असं लिहिणार होते. पण हात होईना.

कृपा असू द्यावी.
आम्रपाली

रत्नागिरी,
२६ एप्रिल २०२५

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तुळसाबाई काठी टेकत वर आली. गंगारामची सून. आता सत्तरी उलटली असेल. पन्नास वर्षांत ती आपल्या अंगणात कधी आली नव्हती. बसायला खुर्ची दिली तर बसली नाही. आपल्या परड्यात काय केलंस ते दाखव, म्हणाली. त्यांची बाव दर वर्षी शिमग्याला तळ गाठते. यंदा अजून पुरुषभर पाणी आहे, आणि त्यांनी स्वतः काहीच केलेलं नाही. आपल्या बावीत उतरलेलं पाणी जांभ्या दगडातून झिरपत उतारावर त्यांच्याकडे गेलं, दादा.

ती कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली की गंगारामच्या घरात ती नवी नवरी होती, तेव्हा त्याला आईची कळशी फोडताना तिने पाहिलं होतं. तिचेच शब्द लिहिते: “तवा मी कायव बोलली नाय.”

मग मी तिला पन्हळ कुठून सोडली ते दाखवलं.

सोमवारी ती माझ्याबरोबर रिक्षाने कचेरीत आली. साहेबांसमोर सांगितलं की आमच्या बावीतलं पाणी हिच्या बापसाच्या बावीचं आहे, आणि ते लिहून घेतल्यावर त्याखाली अंगठा दिला. दोन दिवसांनी माणूस आला, तिच्या बावीत दोरी सोडून पाणी मोजलं. अर्ज मंजूर झाला.

बुद्धपौर्णिमेला या. तुळसाबाईने तुम्हाला बोलावलं आहे. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही.

वाट बघणारी,
आम्रपाली

कल्याण,
२० मे २०२५

चि. आम्रपालीस,
दादाचे आशीर्वाद. सुखरूप पोचलो. फणसाची सांदणं वहिनीला आवडली.

तिथे सांगितलं नाही ते आता लिहितो. तुळसाबाईने त्यांच्या बावीवर दोर माझ्या हातात देऊन तुम्हीच पाणी काढा म्हटलं, तेव्हा मी तहान नाही म्हणालो. ते खोटं होतं. ऊन मी म्हणत होतं. तिने पुन्हा आग्रह केला नाही. निघताना तू रिक्षा बघायला पुढे गेलीस, तेव्हा तिने पदराखालून भरलेली बाटली काढून माझ्या पिशवीत ठेवली. मी ती परतही केली नाही आणि घेतली असंही म्हणालो नाही.

हातखंब्यापर्यंत बाटली मांडीवर होती. बाहेर फेकावी असंही एकदा मनात आलं. बाबा आठवले. संगमेश्वरला गाडी थांबली, लोक उतरून थंड बाटल्या घेऊन आले. मी जागेवरच बसून राहिलो आणि तिची बाटली उघडली. चिपळूण येईपर्यंत संपली.

पाटी लागली की फोटो पाठव. आणि तुळसाबाईला सांग, पाणी गोड होतं.

तुझाच,
दादा