सतरा कामं गेली कुठं?

६ एप्रिल १९९८, सोमवार

माझ्या खुर्चीत बसला! दोन मिनिटं पाणी प्यायला गेलो, परत येतो तर हा माझ्या कॉम्प्युटरपुढे. वर विचारतो, "काका, बसू ना?" बसलायस की! आता काय आरती ओवाळू?

प्रविण नाव. हमरापूरचा. रोह्याच्या मुख्य ऑफिसने आमच्या पेणच्या ऑफिसला पाठवलाय. जुन्या प्रोग्रॅममधली सगळी कामं बाहेर काढायची आणि रोह्याच्या नवीन प्रोग्रॅममध्ये घालायची म्हणे. जुना प्रोग्रॅम गुप्ते साहेबांनी एक्याण्णव साली बसवला. तेव्हापासून त्यात एकेक काम मी घातलंय, दुसऱ्या कुणी बोट लावलेलं नाही. खाडीकाठचे बांध, बांधातून पाणी सोडायच्या उघाड्या, मोऱ्या — कंपनीकडे दुरुस्तीला आलेली साठ कामं. गाव, टोळी, मशीन, काम कुठवर आलं, शेवटच्या खणात आकडा. एक खण रिकामा दाखवा, जगन नाव लावणार नाही.

तीस तारखेला रोह्याहून यादी मुंबईला जाणार. त्या यादीत असेल त्याच कामाला पावसाआधी दगड आणि पोकलेन. नसेल ते गेलं पुढच्या साली.

आणि ही यादी या पोराच्या हातात!

७ एप्रिल

तो खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी लिहून घेतो. मी बघितलं की पान उलटतो. विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

९ एप्रिल

सरू आली होती बाजाराला. माझी धाकटी बहीण, खारढोण्याला दिलेली. चहा ठेवला तरी बसेना.

"दादूस, खांड वाढली रं. पुनवेच्या उधाणाला पानी आमच्या खाचरापर्यंत येतंय."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. गेल्या दिवाळीत हातभर होती, आता म्हणे बैल जाईल एवढी झालीय. एकदा खारं पाणी शेतात बसलं की तीन वर्षं भात विसरायचा. तिच्याकडे दुसरं आहे काय? नवरा गेल्यापासून ती दीड एकर आणि ती.

"औंदा बुजवतील ना?"

"यादीत आहे," म्हटलं. "मी स्वतः घातलीय."

"मंग हाय," म्हणाली आणि निवांत चहा प्यायली. एवढा विश्वास माणसाने माणसावर ठेवू नये.

१३ एप्रिल

जुना प्रोग्रॅम काही सरळ सोडत नाही. छापायला सांगतो तसं करून सगळं फ्लॉपीवर उतरवायचं, मग एकेक खण मोजून कापायचा. गावांची नावं अर्धी तुटतात. तारखांचा तर घोळच — पाच एप्रिलचा चार मे झाला! प्रविणने दिवसभर बसून त्या सरळ केल्या. केल्या की केल्यासारखं दाखवलं, देव जाणे.

निघताना म्हणतो, "काका, एका आकड्याचं विचारायचं होतं."

आलं लक्षात. मी काहीतरी बोलणार, हा ते डायरीत टिपणार आणि उद्या म्हणणार, काकांनीच सांगितलं! मी असल्या जाळ्यात येणारा नाही. म्हटलं, "आकडे कॉम्प्युटरला विचार. तुम्ही शिकलेली माणसं!"

हसला. पण तोंड उतरलं होतं. का उतरावं?

१५ एप्रिल

आज पकडलं! वडखळ नाक्यावर गाडी थांबली, खिडकीतून बघतो तर हॉटेलात प्रविण. समोर पांढरा सफारी घातलेला जाडा माणूस. दोघांच्या मध्ये टेबलावर मोठा कागद पसरलेला, आणि प्रविण त्यावर बोट ठेवून काही दाखवतोय.

खारीतल्या जमिनी घ्यायला दलाल फिरतायत हे सगळ्या पेणला ठाऊक आहे. पाणी शिरलेली जमीन मातीमोल मिळते. नकाशाच असणार. दुसरं काय असणार?

घरी सांगितलं. ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "परवा दूधवालाही तुम्हाला चोर वाटत होता."

दूधवाल्याचं वेगळं. तो खरंच पाणी घालतो.

१६ एप्रिल

साठ गेली, त्रेचाळीस पोचली!

रोह्याच्या नवीन प्रोग्रॅमचा कागद आला, मी हाताने मोजला. तीनदा. सतरा कामं गायब. मग जुन्या यादीशी एकेक गाव लावून बघितलं. मोरी एकही गेलेली नाही. उघाडी एकही गेलेली नाही. गेल्या त्या सतराच्या सतरा खांडी! खारढोणे त्यात.

कॉम्प्युटर चुकला असता तर इकडचं एक, तिकडचं एक गेलं असतं. नेमक्या खांडी वेचून काढायला माणूसच लागतो.

प्रविण चेहरा पाडून म्हणतो, "मलाही कळत नाय काका, कुठं गेली."

नाटकात पाठवा याला.

१८ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी दारात आला. प्रविण! घरापर्यंत! मी आतल्या खोलीत गेलो आणि हिला खुणावलं, नाही म्हणून सांग.

"बाहेर गेलेत," ही म्हणाली.

"काकी, दोन मिनिटांचं काम होतं. एकच गोष्ट विचारायची होती."

माझ्या चपला दारातच होत्या. त्याने बघितल्या असतील. गेला.

मग हिने मला फैलावर घेतलं. "तो तुम्हाला खातोय की काय? पोर एवढ्या लांबून आलं!" तिला काय कळणार? तडजोड करायला आला असेल. नाहीतर धमकी द्यायला. खाली मान घालून बोलणारेच फार बेरके असतात.

२० एप्रिल

अर्ज लिहिला. मुख्य ऑफिसच्या टिळेकर साहेबांच्या नावाने, रोह्याला. सफारीवाला, नकाशा, सतरा खांडी — सगळं लिहिलं. सही नाही. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. मनगट अजून दुखतंय. पेणच्या पोस्टात टाकलं असतं तर शिक्का पेणचा पडला असता, म्हणून गाडी धरून नागोठण्याला गेलो आणि तिथल्या पेटीत टाकलं.

याला म्हणतात डोकं.

२१ एप्रिल

या वहीत मी दोरा घालून ठेवतो. आज दोरा हललेला होता! ही म्हणते, दुधाची वही शोधत होते. बघू.

२४ एप्रिल

टिळेकरांचा फोन आला. प्रविणला कामावरून थांबवलं. चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. "जगनराव, तुमच्याकडे काही संशयास्पद दिसलं होतं का?" मी म्हटलं, आपण बरं की आपलं काम बरं, साहेब.

जिंकलो!

दुपारी तो फ्लॉप्या परत द्यायला आला. एकेकीवर नाव, तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. टेबलावर ठेवल्या आणि उभाच राहिला.

"काका, जाता जाता तरी एक सांगा—"

"साहेबांना विचार!"

"साहेब पुण्याचे आहेत. त्यांना नाय ठाऊक."

मी कपाटाकडे तोंड केलं. तो गेला. ऑफिसात फार शांत वाटलं. हिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं. भाजी वाढली आणि उठून गेली.

२७ एप्रिल

मलाच रोह्याला बोलावलंय! उरलेलं काम तुम्हीच पुरं करा, जुना प्रोग्रॅम तुमच्याइतका कुणाला माहीत नाही, असं साहेब म्हणाले. बोलावतील नाहीतर काय! उद्या पहिल्या गाडीने निघतो. सरूला निरोप धाडला, तुझ्या बांधाचं काम माझ्या हातात आलंय, घोर करू नको.

२८ एप्रिल, रोहा

लिहायला हात होत नाही.

प्रविणने चिठ्ठीवर सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, अगदी बाळबोध. तशा केल्या. फ्लॉपी घातली, माहिती नवीन प्रोग्रॅमला दिली. खोलीत मी एकटा. दार बंद. पंखासुद्धा बंद होता.

साठ गेली. त्रेचाळीस पोचली.

परत केलं. त्रेचाळीस. खारढोणे नाही. मी मागे वळून बघितलं, खरंच! भिंत होती.

मग सतरा कामं जुन्या यादीत एकाखाली एक लावली. गावं वेगळी, टोळ्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. शेवटच्या खणात मात्र सगळीकडे एकच. आठ. आठ. आठ. सतरा वेळा आठ.

माझाच आठ! खांड कधीही बुजवता येत नाही. उधाणात हात घातला तर पाणी टोळीला घेऊन जाईल. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, खाडीला जोर नसतो तेव्हाच करायची. गुप्ते साहेब म्हणाले होते, "जगन, खांडीच्या कामापुढे आठ घालत जा, म्हणजे टोळी अष्टमीला धाडायची हे माझ्या ध्यानात राहील." खण होता कोणतं काम आधी, कोणतं नंतर याचा. पण पेणच्या ऑफिसात आठ म्हणजे अष्टमी हे शेंबड्या पोराला माहीत होतं. गुप्ते साहेब निवृत्त झाले. माहीत असलेला मी एकटा उरलो.

नवीन प्रोग्रॅमला एक ते पाच एवढंच कळतं. पाचाच्या पुढचं म्हणजे न करायचं काम. त्याने ते बाजूला टाकलं. त्याच्या मते मीच सांगितलं होतं, सरूचा बांध बांधू नका म्हणून.

२९ एप्रिल, रोहा

आठाचे एक केले आणि तारखेच्या खणात जवळची अष्टमी घातली, एकोणीस मे. साठच्या साठ पोचली. खारढोणे पहिल्या पानावर.

टिळेकर साहेबांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! त्या पोराने वाट लावली होती." मी काय केलं? मूग गिळून बसलो. वर चहा घेतला. बिस्किटंही खाल्ली.

कुणाला कळणार नाही. सरूची शेती वाचली, यादी वेळेत जातेय, आठ पुसले गेले. डावा हात माझा हे कुणाला माहीत आहे? असा सगळा हिशेब रोह्याच्या स्टँडवर बसून मांडला. दोन गाड्या सोडल्या. स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. आयुष्यभर लोकांच्या खिशात चोर शोधले मी!

पेणला गेलोच नाही. रोह्यातच सखाकडे, जुन्या दोस्ताकडे राहिलो. त्याच्याकडून कोरा कागद मागून घेतला.

३० एप्रिल, हमरापूर

सकाळी टिळेकरांच्या टेबलावर दुसरा अर्ज ठेवला. उजव्या हाताने लिहिलेला, सहीसकट. त्यांनी उघडायच्या आत निघालो.

प्रविणच्या घरच्या कारखान्यात गणपती रांगेने उभे आहेत, रंग न दिलेले. पांढरा सफारीवाला तिथेच होता, मोठ्या कागदावरची चित्रं दाखवून कुठली मूर्ती किती ते सांगत होता. प्रविणचे हात कोपरापर्यंत पांढरे. मला बघून त्याने धोतराच्या फडक्याने स्टूल पुसलं.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "बरं झालं काका, आलात. अर्ज कुणी केला देव जाणे, जाऊ द्या. पण तीनदा विचारायला आलो, तरी राहूनच गेलं. त्या सतरा कामांपुढे तुम्ही आठ का घातलाय?"

बसलो. आधी आठाचं सांगितलं. मग डाव्या हाताचं.