गाडीत जागा होती

सोलापूर, मार्गशीर्ष, १९३१

दादा,

वर्षापूर्वी हे गेले तेव्हा थोरले दीर म्हणाले, "सोय लागेपर्यंत राहा." दगड लागून पडलेली कुत्री मी परसात आणली, तेव्हाही ते तेच म्हणाले. विधवेनं आपल्या तोंडानं माहेर मागायचं नसतं, म्हणून तुला तिच्याबद्दल लिहीत गेले. इथं तिच्याशी कुणी बोलत नाही, उरलंसुरलं खाते, लवकर येऊन घेऊन जा.

काल तू मंद्रूपहून बैलगाडी घेऊन आलास. माझं गाठोडं दाराआड तयार होतं.

"चावत नाही ना गं?" एवढंच विचारलंस. मी नाही म्हटलं. तिला गाडीत चढवलंस आणि निघालास. वळणापर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायच्या पत्रात आता कुणाबद्दल लिहू?

तुझी धाकटी,
दुर्गा