न बघता रिजेक्ट

प्रिय धैर्यशील,

'प्रिय' वाचून दचकू नकोस आणि इकडंतिकडं बघूही नकोस, पत्र तुलाच आहे. आजवर 'साहेब, तेवढा माल पास करा की' असं अदबीनं म्हणत आले. पण आज राग आलाय, आणि रागात मला अहो-जाहो जमत नाही. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू वाचून, दोन निळ्या खुणा पाडून गप्प बसला असतास. म्हणून हे कागदावर, आणि तेही रबरी रिंगांच्या ट्रेमध्ये, सगळ्यात खाली. ट्रेच्या तळापर्यंत माल तपासणारा माणूस अख्ख्या शिरोली एमआयडीसीत एकच आहे, त्यामुळं पत्र भलत्याच्या हाती पडायची भीती नाही.

रागाचं कारण सांगते. तुमच्या स्टोअरमधली अर्शी काल आमच्या रिंगांच्या वर्कशॉपवर चहाला आली होती. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या आत्यांनी येत्या रविवारी मुलगी बघायचं ठरवलंय, आणि तू म्हणे भर कँटीनमध्ये जाहीर केलंस, जाणार नाही, न बघताच नकार. मुलगी कोण, कुठली, नाव काय, हेसुद्धा ऐकून घेतलं नाहीस. आत्या सांगायला लागल्या की फोन ठेवतोस. वा रे पठ्ठ्या! माझी एक तरी रिंग कधी न बघता रिजेक्ट केलीस का?

माझा पहिला लॉट आठव. सेफ्टी व्हॉल्व्हची ती रिंग ती केवढी, लहान पोरीच्या बांगडीएवढी. टाकीत दाब वाढला की व्हॉल्व्हनं उघडायचं, जादा हवा सोडायची आणि पुन्हा घट्ट मिटायचं. मिटल्यावर जराही निसटू नये म्हणून आमची रिंग. तू भिंग लावून बघितलंस, तर डायच्या, म्हणजे साच्याच्या, जोडाची केसाएवढी रेघ रिंगेवर राहिलेली. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. तू ती व्हॉल्व्हमध्ये बसवलीस, हवा भरलीस, नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलंस आणि मला शेजारी बसवलंस. दोघं आपले त्या ग्लासाकडं टक लावून. आला एक बुडबुडा. मी म्हटलं, ग्लासात मासा असेल. तू हसला नाहीस. अख्खा लॉट परत! हायवेनं घरी येईस्तोवर मी तुला ज्या शिव्या घातल्या, त्या कागदावर उतरवण्यासारख्या नाहीत. मग मुकाट्यानं डाय पुन्हा पॉलिश करून घेतली. तेव्हापासून रेघेपायी आमचा माल कुठूनही परत येत नाही, पण हे तुझ्या तोंडावर मी मरेपर्यंत कबूल करणार नाही.

आणि खंडेनवमीचा तो घोटाळा! मशिनींची पूजा करता करता आमच्या मातोश्री चिमणाबाईंना भक्तीचं भरतं आलं. प्रेसला झालं, कंप्रेसरला झालं, मग पॅक करायला ठेवलेल्या ट्रेकडं वळल्या आणि खोबरेल तेलाच्या बोटानं एकेका रिंगेला हळदकुंकू लावत सुटल्या. मी मेली फुलं आणायला गेले होते. पोरांनी तसाच माल तुमच्याकडं पोचवला. तू परत पाठवलास, तर आई स्कूटरवर माझ्या मागं बसून भांडायलाच आली. देवाचं कुंकू हाय, तुझ्या व्हॉल्व्हला काय धाड भरली, म्हणून तिनं तुझं ऑफिस दणाणून सोडलं. मी तर दाराआड तोंड लपवून उभी. तू शांतपणे म्हणालास की मावशी, कणभर कुंकू जरी मधे अडकलं तरी व्हॉल्व्ह गळणार, त्यामुळं माल काही घेता येणार नाही. आणि एका रिंगेवरचं कुंकू बोटानं टिपून स्वतःच्या कपाळाला लावलंस. माल तरीही रिजेक्टच! त्या घटकेला तू मला आवडलास. त्याआधीपासूनच आवडत असशील, पण त्या दिवशी माझी खात्री पटली.

अर्शीनं पुढचंही सांगितलंय. नकार का म्हणून तिनं खोदून विचारलं, तर तुझे कान लाल झाले, कुणीतरी मनात आहे म्हणालास, आणि कोण म्हटल्यावर माझ्या ट्रेकडं बघत बसलास. अरे, ट्रेला काय सांगतोस? मला सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?

आता ऐक. कुंकवावरून तुझ्याशी भांडून परतताना आईनं स्कूटरवर पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, अपमान गिळतेय. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, पोरगं खोटं बोलत न्हाय, कुणाचं हाय बघाय पाहिजे. मग पाहुण्यारावळ्यांचे धागे काढत ती कोडोलीला तुझ्या आत्यांच्या सोप्यात जाऊन बसली. बाळाबाई आत्या आणि तिचं असं गूळपीठ जमलंय, की रविवारच्या पोह्यांत शेंगदाणे किती घालायचे इथवर ठरलंय. तू ज्या मुलीला न बघताच नकार देऊन बसलायस ती मी आहे, येड्या! आजच्या आज आत्यांना फोन लाव आणि येतो म्हणून सांग. काल अर्शी गेल्यापासून जीव टांगणीला लागलाय माझा. हसण्यावारी नेतेय सगळं, पण तू खरंच आला नाहीस तर मला फार लागेल.

तुझीच, आणि नाही आलास तर त्या ट्रेचं बिल रोख मागणारी,
संयोगिता