माझ्या दुखवट्याच्या भाकऱ्या

कोल्हापूर, गुरुवार

ती. तात्यांना क्रांतीचा साष्टांग नमस्कार.

नमस्कार मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर ओळखलंत म्हणजे पुढचं पटवून द्यायला नको. तुमच्या मोबाइलवर माझा हार घातलेला फोटो आला असेल तर तो पुसून टाका. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? मी ठणठणीत आहे. फोन मात्र बंद ठेवला आहे, म्हणून पत्र.

विषय तुमच्या विश्वजितच्या लग्नाचा आहे. गडमुडशिंगीचे गणपतराव आपल्या लेकीला, अवनीला, द्यायला नाही म्हणून गेले. का, ते शांतपणे वाचा.

विश्वजितच्या मोबाइलवरच्या एका ॲपवरून सात हजारांचं कर्ज काढलं गेलं. (कशासाठी, ते मागाहून.) हातात पडले चार, बाकीचे फी म्हणून आधीच कापले. आठव्या दिवशी दहा मागितले. ते भरले तर दंड म्हणून आणखी पाच. कर्ज देताना ॲपने त्याच्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो काढून घेतले होते, हे तेव्हा कळलं. वसुलीवाल्याने पहिला फोन मला केला. "ए म्हातारे, पोरगं कुठं लपवलंस?" तात्या, मी तेहतीस वर्षं शाळा चालवली आहे. आधी त्याला 'अहो' म्हणायला लावलं, मग नाव विचारलं. ('रिकव्हरी ऑफिसर' म्हणाला. हे नाव नव्हे, असं सांगितलं.) शेवटी बजावलं, की मी मेले तरी वरचा एक रुपया मिळणार नाही.

ते त्याने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजितच्या फोनमधल्या दोनशे बारा माणसांना माझा फोटो गेला. खाली मजकूर : भाच्याने कर्ज बुडवलं, धक्क्याने आत्या गेली. (फोटो माझ्या निवृत्तीच्या समारंभातला. हार गळ्यात होताच, त्यांना फक्त पुढे समई चिकटवावी लागली.) आमची चूल पेटली नसणार म्हणून समोरच्या तानाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दार मी उघडलं. "आवं बाई, तुमी हायसा व्हय!" म्हणत त्या पायरीवरच बसल्या. मागोमाग दूधवाला ज्ञानू, मग अख्खी गल्ली. दुपारपर्यंत सत्तावीस भाकऱ्या जमल्या. दुखवट्याचं अन्न परत घरी न्यायला कुणी तयार होईना. तानाबाई म्हणाल्या, "तुमच्या नावानं केल्यात, तुमीच खावा की." तीन दिवस आम्ही तेच खाल्लं. कडक झालेल्यासुद्धा मी नीट चावून खाल्ल्या.

गणपतराव चार माणसं घेऊन, पांढऱ्या टोप्या घालून आले. मला पाहिल्यावर डोळ्यांना लावलेला रुमाल खिशात गेला. विश्वजितला म्हणाले, "पावणं, जित्या आत्याचा दुखवटा करायला बोलावलासा? वर कर्ज काढून खाताय. न्हाय जमायचं." चहासुद्धा न घेता गेले. विश्वजितने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. तेव्हापासून तो कामावर जात नाही, अवनीचा फोन घेत नाही, कुणाचाही फोन वाजला की दचकतो. मला त्याची काळजी वाटते. हे वाक्य मी सहज लिहीत नाही, हे तुम्ही जाणता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. चार पानं झाली. "एका पानात बसवा की बाई," हवालदार म्हणाले. बसवली नाही.

सर्वांना यथायोग्य.

तुमची धाकटी बहीण,
क्रांती

ता. क. रविवारी तुम्ही गडमुडशिंगीला जा आणि हे पत्र गणपतरावांना वाचून दाखवा. आधी विश्वजितला मात्र फोन करा, आणि जेवलास का, एवढंच विचारा.

आणखी ता. क. कर्ज माझं होतं. दातांची कवळी करायची होती, पेन्शन अडकली होती. तुमच्याकडे मागणार कशी? दिवाळीत तुम्हालाच उसनवारीवर तासभर बोलले होते. ॲपवर लिहिलं होतं, कुणालाही कळणार नाही. विश्वजित नको म्हणत होता. मीच त्याला ते घ्यायला लावलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. ती तो अजून पाळतो आहे.

शेवटचा ता. क. गणपतरावांना वेळ नसेल तर वरचं सगळं गाळा. आधीचा ता. क. तेवढा वाचा. मोठ्याने.